आत पोचलं, हे कसं कळलं?

“पण आत पोचलं, हे कळलं कसं रे बापू?”

सुभद्राअक्कांनी अगदी सहज विचारलं. चक्रपाणी ढोमणे बोलता बोलता थांबला.

आल्यापासून तोच बोलत होता. वऱ्हाडातल्या या महानुभाव आश्रमात तो लहानपणी आईचं बोट धरून यायचा. पोथी वाचायला त्याला इथल्या या अक्कांनीच शिकवलं होतं. आता तो पुण्यात औषधांचा संशोधक होता, आणि अक्कांना काचबिंदू झाला होता. कडेकडेचं दिसेनासं होऊन नजर नळीएवढी उरली होती. हे कळताच तो गाडी काढून आला होता. थोडा काळजीपोटी... थोडा मिरवायला.

दंडवत प्रणाम करून बसतो न बसतो तोच त्याने सुरुवात केली होती.

“डोळा बाहेरचं काही ठेवूनच घेत नाही, अक्का. थेंब टाकला की पापणी मिटते, पाणी येतं, औषध गालावर. म्हणून आम्ही औषधाचे नॅनोकण केलेत. धुळीचा कणसुद्धा त्यांच्यापुढे डोंगर. ते डोळ्याला चिकटून बसतात, हळूहळू आत झिरपतात. डोळ्याला पत्ताच लागत नाही! माणसांवरच्या चाचण्या आता सुरू होतील. तुमचं नाव मी सगळ्यात वर घालणार.”

त्यावर अक्कांनी तो प्रश्न विचारला होता.

“तपासलं,” तो म्हणाला.

“कसं?”

“डोळ्याच्या आत औषध किती उतरलं, ते मोजतात.”

“आत म्हणजे... डोळा काढून?”

“हो.”

“कुणाचा?”

“सशाचा.”

“मग ससा?”

चक्रपाणी सारवलेल्या जमिनीकडे बघू लागला.

“ससा राहत नाही, अक्का.”

या आश्रमात पाणी गाळल्याशिवाय कुणी पीत नसे. फडक्यात अडकलेले जीव पुन्हा विहिरीत सोडायचे. ते फडकं हलक्या हाताने कसं उलटायचं, हे त्याला याच अंगणात शिकवलं होतं. इतक्या वर्षांत एकदाही त्याला ते आठवलं नव्हतं. आता आठवलं, आणि कानाच्या पाळ्या तापल्या.

“सगळं नियमानं होतं,” तो घाईघाईने म्हणाला. “परवानगी असते. भूल देतात. त्याला काही कळतसुद्धा नाही.”

बोलून गेल्यावर त्याला वाटलं, गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं.

“तू असते का तेव्हा जवळ?”

“नाही. ते काम दुसरी माणसं करतात.”

“अन् तू?”

खोटं बोलता आलं असतं. अक्कांना त्याचा चेहरा नीट दिसतही नव्हता.

“मी बाहेर जायचो.”

“काऊन रे?”

“बघवायचं नाही.”

“मग कुठं जायचा?”

“...चहाला.”

मोठमोठ्या सभागृहांत तो या कामाबद्दल बोलला होता. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. हार घातले होते. पण हा एवढासा शब्द तोंडातून गेला आणि मान वर करावीशी वाटेना. अक्का रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रागावल्या नाहीत.

पडवीत कुणीतरी ज्वारी पाखडत होतं.

“हे काम सोडून देऊ का?” त्याने विचारलं.

“सोडल्यानं सशाले डोळे येतील?”

“मग करत राहू?”



अक्कांनी चाचपडत फळीवरची औषधाची बाटली काढली. सरकारी दवाखान्यातली, रोजचीच. संध्याकाळच्या थेंबाची वेळ झाली होती. एरवी आश्रमातल्या रखमाबाई थेंब टाकत. अक्कांनी बाटली त्याच्यापुढे धरली, भिंतीला डोकं टेकलं आणि बोटाने खालची पापणी ओढली.

चक्रपाणी बाटली घेऊन वाकला. उमेदीची सगळी वर्षं डोळ्यांवर काम करण्यात गेली होती. पण कुणाच्या जित्या डोळ्यावर तो असा पहिल्यांदाच वाकला होता. बुबुळाभोवतीच्या पिवळसर पांढऱ्यावर बारीक लाल शिरा होत्या. डोळा ओलसर होता. त्याच्याचकडे वळलेला, त्याच्याचसाठी उघडा ठेवलेला.

बाटलीचं टोक हलू लागलं. दुसऱ्या हाताने त्याने मनगट धरलं, तरी हलत राहिलं.

“अक्का, रखमाबाईंना हाक मारतो,” तो कसाबसा म्हणाला. “माझा हात थरथरतोय.”

अक्कांनी डोळा मिटला नाही.

“म्हणून तर तुझ्या हाती दिली.”