कबरीची बरणी

जनावरं बोलायची त्या काळी, एका सकाळी बरोबर सव्वासात वाजता कबरी शेळीच्या करडाचा पाय निखाऱ्यावर पडला आणि भाजला. तिने कापडाची पट्टी बांधली, पण ती जखमेलाच चिकटली. सोडवताना करडू असं ओरडलं की कबरीचं काळीज हललं.

ती वैद्य कासवाकडे धावली. त्याने नारळपाण्याची एक बरणी दिली. "यात डोळ्यांना न दिसणारे आंबट जीव आहेत. ते वर ओली साय विणतील. ती धुऊन, उकळून, गार करून लाव. चिकटणार नाही."

घरी कबरीला चैन पडेना. आत काही चाललंय तरी का? तिने बरणी हलवून पाहिली. दुपारी परत हलवली, संध्याकाळीही. रोज तेच. आत सायीचे नुसते तुकडे तरंगत होते. कासवदादांनी फसवलं, की आपलंच चुकलं?

तेवढ्यात आतून बारीक आवाज आला, "अगं बाई, आम्ही विणायला बसलो की तू घरच हलवतेस!"

"मी काळजीनं बघत होते हो."

"तुझी काळजी म्हणजे आमचा भूकंप!"

कबरी पुरती गोंधळली. नुसतं बसून राहणारी ती कसली आई? तरी ती मन घट्ट करून अंगणात जाऊन बसली. काही दिवसांनी वर सलग साय धरली. तिने ती सांगितल्याप्रमाणे पायावर लावली. बदलायच्या वेळी तिने भीतभीत जुनी साय उचलली, तर करडू म्हणालं, "आई, अजून काढली नाहीस?"

हातात साय धरून ती बघतच राहिली. हात न लावता काम कसं झालं, हे तिला अजून उमगलेलं नाही. पण तुमच्या शेजारी अशी कुणी आई असेल, तर तिला हे सांगा, आणि तिलाही पुढे सांगायला सांगा.