एका घंगाळाचं पाणी

टण्ण. फार वर्षांपूर्वीचा हा आवाज मला अजून ओळखू येतो. राजेसाहेब तांब्या घंगाळाच्या काठावर आपटायचे. मी तबेल्यात घोड्यांना खरारा करायचो, तिथपर्यंत तो यायचा. घोडेसुद्धा कान टवकारायचे. टण्ण झालं की समजायचं, पाणी गार निघालं.

थोड्या वेळानं राणीसाहेबांचा आवाज यायचा, "गजरा, मला उकडून काढतेस का गं?"

पाणी तेच. त्या घराण्यात राजाराणीनं एकाच घंगाळातलं पाणी घ्यायची रीत होती. आधी राजेसाहेब, मग राणीसाहेब. मधल्या वेळात निवलेलं पाणीही राणीसाहेबांना पोळायचं. राजेसाहेबांना वैशाखातही शाल लागायची आणि राणीसाहेबांच्या हातातला पंखा पौषातही हलत असायचा. बाकी संसार चांगला होता. फक्त खिडकी उघडी ठेवायची की बंद, एवढं ठरत नव्हतं.

न्हाणीघर गजराकडे होतं. चुलाण पेटवायचं, हंडा तापवायचा, कढत पाणी घंगाळात ओतायचं आणि त्यात गार पाण्याचं विसण घालायचं. नवरा गेल्यावर हे काम तिच्याकडे आलं, आणि चुलाणामागची खोलीही. चुलाणाच्या भिंतीला पाठ लावून तिची म्हातारी सासू दिवसभर बसायची. तिची थंडी दुसऱ्या कशानं जात नव्हती.

एका थंडीत राजेसाहेबांनी गजराला बोलावलं. हे मला पुढे तिनंच सांगितलं.

"मी म्हणतो पाणी गार. मी खोटं बोलतो का?"

"नाही, सरकार."

"राणीसाहेब म्हणतात कढत. त्या खोटं बोलतात?"

"छे, सरकार."

"मग खोटं कोण?"

राजेसाहेबांनी शाल आवळून घेतली.

"उद्या सकाळी दोघांनाही पाणी बरोबर लागलं पाहिजे. नाही लागलं, तर खोटी तू. संध्याकाळपर्यंत खोली रिकामी कर."

गजरा खोलीत आली. एक हात चुलाणाशी शेकलेला, दुसरा विसणाच्या बादलीतून ओला.

"काय म्हणाले गं सरकार?" सासूनं विचारलं.

"पाणी बरोबर पायजे म्हणाले."

"पाण्याचं जाऊ दे. भिंत बघ. आज गार लागती मला."

गजरानं भिंतीला दोन्ही हात लावले. मग तशीच उभी राहिली.

"काय गं, पडती का काय भिंत?"

"नाही आत्याबाई. भिंत ठीक हाय."

सकाळी राजेसाहेब शाल पांघरून न्हाणीघराच्या दारात आले. राणीसाहेबही पंखा घेऊन आल्या. निकाल ऐकायचा होता. गजरानं घंगाळ मधे ठेवलं होतं, एका बाजूला वाफाळतं घमेलं, दुसऱ्या बाजूला विसणाची बादली.

"सरकार, पाणी आधी हातानं पारखून घ्या. उजवा हात घमेल्यात घाला."

राजेसाहेबांनी हात घातला. त्यांचा चेहरा खुलला.

"हे पाणी बरोबर आहे. हेच देत जा."

"आता डावा बादलीत."

"का?"

"पारखायची रीत हाय, सरकार."

राजेसाहेबांनी डावा हात बादलीत घातला. निम्मं राज्य गेल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. गजरा घाई न करता चुलाणात लाकडं सारत बसली. राजेसाहेबांचे दात वाजू लागले, तेव्हा ती उठली.

"आता दोन्ही हात एकदम घंगाळात."

राजेसाहेबांनी हात घातले.

"गार आहे," ते म्हणाले. मग थांबले. "नाही. कढत आहे." त्यांनी हात बाहेर काढून बघितले, पुन्हा घातले. "उजव्याला गार लागतंय. डाव्याला पोळतंय."

"पाणी एकच हाय, सरकार."

"ते दिसतंय मला."

"दोन्ही हात तुमचेच."

"मग कुणाचे असणार?"

"एक म्हणतो गार, एक म्हणतो कढत. सरकारांचे हात एकमेकांत जुळत नाहीत, तर मी राणीसाहेबांना आणि तुम्हाला कसं जुळवू?" गजरानं हात जोडले. "पण हुकूम तो हुकूम. जो खोटा त्यानं संध्याकाळपर्यंत जागा रिकामी करायची. यातल्या कोणत्या हाताला घालवायचं, तेवढं सांगा."

पंख्याआड राणीसाहेब आधी हसल्या. राजेसाहेबांनी आपले दोन्ही हात आळीपाळीनं बघितले आणि मग तेही हसत सुटले. घोड्यांनी कान टवकारले. असा आवाज त्यांनी न्हाणीघरातून कधी ऐकला नव्हता.

राणीसाहेब म्हणाल्या, "घंगाळ एकच राहू दे, रीत मोडायला नको. पण विसण घंगाळात नको, ज्याचं त्याच्या तांब्यात."

"आणि तुला काय पाहिजे, गजरा?" राजेसाहेबांनी डोळे पुसत विचारलं.

"मागची खोली तेवढी असू द्या, सरकार. सासूला भिंत लागते."

"भिंत कशाला?"

"तिला सारखी थंडी वाजते. तिला कुणी खोटी म्हणू नये म्हणून मी ते कुणाला सांगत नाही."

राजेसाहेबांचं हसू थांबलं. त्यांनी अंगावरची शाल काढली, घडी घातली, गजराच्या हातात ठेवली, आणि कुडकुडत अंघोळीला वळले.