थेट राजाच्या हातात निरोप

"यंत्राला चार्जिंग लागता कामा नये! रेंज लागता कामा नये! मोडलं तर त्यानं आपलं आपण दुरुस्त व्हायचं! आणि ओढ्याचं पाणी नासलं, की निरोप थेट माझ्या हातात आला पाहिजे. मध्ये कुणी नको!"

तांबडगडाच्या दुर्जयसेन राजानं भर दरबारात अशी अट घातली. जो असं यंत्र आणील त्याला ओढा वाचवायचा सगळा निधी, म्हणजे पेटीभर मोहरा. आणि कुणालाच नाही जमलं, तर ओढ्याचं रडगाणं पुन्हा गायचं नाही. जो गाईल त्याला तुरुंग!

राजा चिडला होता त्याला कारण होतं. गेल्या साली त्यानं शहरातल्या हुशार मंडळींना असाच पैसा दिला. त्यांनी ओढ्यात एक डबा सोडला आणि प्रधान गुणाकरपंतांच्या भिंतीवर पडदा टांगला. पहिल्या दिवशी पडद्यावर आलं, 'पाणी उत्तम'. दुसऱ्या दिवशी डब्याची बॅटरी मेली. पडदा बापडा वर्षभर 'पाणी उत्तम' दाखवत राहिला आणि पंत वर्षभर तेच राजाला सांगत राहिले. तिकडे मासे पोट वर करून तरंगायला लागले तरी पंतांची मान पडद्यावरून हलली नाही!

पाणी नासवत कोण होतं? राजाचाच रंगकारखाना. पण ते बोलायची छाती कुणाची?

खेकडे धरणाऱ्या लखमाची पोरगी बुधी मात्र घरात धुसफुसत होती. ओढा लालभडक झाला होता, खेकडे बिळं सोडून पळत होते. असंच चाललं तर बापाला गाव सोडून दुसऱ्याच्या वीटभट्टीवर राबावं लागणार होतं.

"बाबा, मी जाते दरबारात."

"गप बस! यंत्र कुठलं आणशील तू?"

"टोपलीतलं!" म्हणाली आणि निघालीसुद्धा.

दरबारात आधीच गर्दी. एकानं उडतं यंत्र आणलं होतं.

"पावसात उडतं का?" राजानं विचारलं.

"पावसात नाही, महाराज."

"मग ओढ्याला पूर येतो तेव्हा तू उडणार का? चल नीघ!"

दुसऱ्यानं मोबाईल पुढे केला. "महाराज, आधी नाव नोंदवा, मग एक नंबर येईल, तो टाका..."

"माझ्याच राज्यात मी नाव नोंदवू? हाकला याला!"

मग बुधी पुढे आली. पानांनी झाकलेली टोपली तिनं धपकन खाली ठेवली.

"हे काय आहे गं, पोरी?"

"यंत्र हाय, महाराज. चार्जिंग लागत न्हाई, चिखलातलं खाऊन चालतं. रेंज लागत न्हाई. आन् मोडलं तर आपलं आपण नीट होतं." तिनं पानं बाजूला सारली. आत तळहाताएवढा काळा खेकडा! "ही डावी नांगी बघा, बारकी हाय ना? मागं मोडली व्हती. नवी फुटतीय. कारागीर बोलवला न्हाई का पैसा दिला न्हाई!"

दरबार खो खो हसला. राजाच्या मिशा थरथरल्या. "आणि निरोप? तो माझ्या हातात कसा येणार?"

"तुमच्या कारखान्याच्या मोरीचं घमेलंभर पाणी मागवा. मग दावते."

'तुमच्या कारखान्याच्या' म्हटल्याबरोबर दरबार दोन पावलं मागे सरकला! पण राजा हट्टी. त्यानं पाणी मागवलं. घमेल्यात लाल पाणी आणि वर फेस.

"आता महाराज, हात असा काठावर टेकवा. निरोप यायचाय."

राजानं हात टेकवला. बुधीनं खेकडा पाण्यात सोडला. बिचारा एक क्षण थबकला, मग आठी पाय मारत धडपडत वर आला. समोर राजाचं बोट! उजव्या नांगीनं त्यानं ते कचकन धरलं.

"आई गं! मेलो!"

"पोचला निरोप!" बुधीनं टाळी वाजवली.

पंत धावले, तशी ती आडवी आली. "पंत, मधी पडू नका! निरोप थेट हातात, मध्ये कुणी नको, महाराजांचीच अट हाय!"

"अगं सोडव याला!" राजा नाचायला लागला.

"स्वच्छ पाण्यात हात बुडवा, लगेच सोडतो."

"मग आणा रे स्वच्छ पाणी!"

शिपाई ओढ्याकडे पळायला लागले.

"तिकडं कुठं?" बुधी ओरडली. "तिकडं स्वच्छ पाणी असतं तर मी इथं आले असते व्हय?"

शेवटी राजाच्याच पिण्याच्या पाण्याचं चांदीचं घंगाळ आलं. राजानं हात बुडवला. खेकड्यानं बोट सोडलं आणि तळाशी जाऊन निवांत बसला.

राजानं सुजलेलं बोट पाहिलं. लाल घमेलं पाहिलं.

"वर्षभर भिंतीवर 'पाणी उत्तम', आणि हा बेटा एका क्षणात खरं बोलला!" राजा एवढा हसला की मुकुट कानावर आला. "पेटी पोरीला द्या!"

"पण महाराज," पंत कुरकुरले, "निधी डिजिटल यंत्रासाठी आहे. यात डिजिटल काय?"

"ते बी करू की!" बुधी म्हणाली. "आधी कारखान्याचं पाणी गाळायला हौद बांधू. मग ओढ्यावर एक क्यामेरा लावू. खेकडे पाण्याबाहेर पळाले, की महालात घंटा वाजंल."

"क्यामेऱ्याचीही बॅटरी मेली तर?" पंत खवचटपणे म्हणाले.

"म्हणून तर रोज सकाळी घमेलंभर पाणी, एक खेकडा आन् काठावर एक हात लागंल. पडदा खरं बोलतोय का ते कळाया नको?"

"कुणाचा हात?" राजानं विचारलं.

"वर्षभर ज्यांनी पडदा वाचला त्यांचा!"

राजा पुन्हा गदगदा हसला. त्यानं बुधीला ओढ्याची कारभारीण केलं, लखमाला हौदाच्या कामावर मुकादम नेमलं, आणि पंतांकडे बघून घमेलं पुढे सरकवलं.

पंतांनी दोन्ही हात काखेत घातले आणि म्हणाले, "महाराज, हौद आजच बांधायला घेतो!"