बापूसाहेबांची खुर्ची

शिरवड्याच्या वाचनालयात दर अमावास्येला वाचनकट्टा भरे, आणि दिवंगत कादंबरीकार बापूसाहेब रेगे आपल्या जुन्या खुर्चीत येऊन बसत. दिसत नसत, पण खुर्ची करकरे, तपकिरीचा वास सुटे आणि प्रश्न येई, "माझी कादंबरी कशी वाटली?" नावं ठेवणाऱ्याची वाचा बसे, खोटी स्तुती करणाऱ्याचीही. ग्रंथपाल कुंदाताई तर दिवाळीपासून खुणांनीच बोलत होत्या. कट्टा देवळात हलवला, तर खुर्ची तिथे आधीच हजर!

त्या संध्याकाळी पाळी आली दहावीतल्या शाल्मलीची. पुस्तक तिने खरंच वाचलं होतं.

"नायिका फार आवडली," ती म्हणाली, "पण तिची नि माझी गाठच पडेना. पानोपानी तुम्ही मधे येता. इथे रडा, इथे हसा, सांगत बसता. बापूसाहेब, इतर लेखक जातात आणि त्यांची पुस्तकं मागे राहतात. इथे तुम्हीच मागे राहिलात, मग पुस्तक आमच्यापर्यंत पोचणार कसं?"

दिवा फडफडला. खुर्चीतून ओशाळा आवाज आला, "मी गेलो, तर वाचाल?"

मुक्या कुंदाताईंना एकदम कंठ फुटला, "तुम्ही उठा तर खरं!"