मापकडीचा नकार

फार वर्षांपूर्वी काडतुसांच्या कारखान्यात एक पोलादी मापकडी होती. पितळेच्या चकतीतून ओढून घडवलेली प्रत्येक पुंगळी तिच्यातून जाई. केसभर जाड निघाली, की मापकडी तिला अडवत असे. याचा तिला भारी अभिमान होता.

एकदा बार उडून रिकामी झालेली पुंगळी पुन्हा भरायला परत आली. मापकडीने हौसेने विचारलं, "कसं झालं गं तिकडे?"

"गोळी सरळ गेली. तुझं माप चोख ना! ओढ्यावर पाण्याला आलेली बाई जागीच पडली."

त्या दिवसापासून मापकडी अंग आक्रसून चांगल्या पुंगळ्याही अडवू लागली. "बिघडली ही," म्हणत मिस्त्रीने तिला भंगारात फेकलं आणि नवी कडी बसवली.

भंगारातून जुनी ओरडली, "अगं, अडव त्यांना!"

"का म्हणून?" नवी म्हणाली. "माप तर अगदी बरोबर आहे."