सगुणाबाईने दार का उघडलं?

“मग आता आणखी किती दुष्ट करू त्याला?” अच्युतने विचारलं.

निळकंठबुवा भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. त्यांनी एक शेंग फोडली, दाणे तळहातावर घेतले, फोलं फुंकून उडवली आणि दाणे तोंडात टाकले.

अच्युत राममंदिराच्या ओसरीवर घामाघूम होऊन उभा होता. स्वतः रचलेलं आख्यान त्याने बुवांना आज तिसऱ्यांदा करून दाखवलं होतं.

सहा वर्षं तो बुवांकडे कीर्तन शिकत होता. आवाज देवाने दिलेला, पाठांतर कष्टाने कमावलेलं. गर्व कुठून आला ते मात्र सांगता येणार नाही, पण तो दोन्हींपेक्षा जास्त होता.

कृष्णाकाठच्या त्या गावात एक रीत होती. रामनवमीच्या उत्सवात अष्टमीच्या संध्याकाळी बुवांच्या शिष्याने कीर्तनाला उभं राहायचं, आणि आख्यान स्वतःचं लावायचं. ते बुवांच्या पसंतीला उतरलं तर पुढे तो स्वतंत्र कीर्तनकार. नाही उतरलं तर आणखी एक वर्ष बुवांच्या पाठीमागे उभं राहून झांज वाजवायची.

देवळाच्या फळ्यावर बाकीच्या दिवसांची नावं खडूने लिहून झाली होती. अष्टमीपुढची जागा तेवढी कोरी होती. आणि आज पंचमी होती.

आख्यान एका भोंदू गोसाव्याचं होतं. चंदनगिरी त्याचं नाव. सगुणाबाई नावाच्या श्रीमंत विधवेच्या दारात तो पाणी मागायला येतो, चार महिने राहतो आणि जातो तेव्हा तिचं घर, तिची माणसं, तिची अब्रू, सगळं त्याच्या झोळीत गेलेलं असतं.

अच्युतचा चंदनगिरी बघण्यासारखा होता यात शंका नाही. तो डोळे गरागरा फिरवत यायचा. आवाज पोटातून काढायचा. दर दोन शब्दांनी स्वतःशीच खदखदून हसायचा. तेवढ्यानेही कोणाला कळलं नाही तर म्हणून अच्युत मध्येच श्रोत्यांकडे वळायचा आणि सांगायचा, “पाहा मंडळी, बोका कसा डोळे मिटून दूध पितोय.”

ऐकायला बसलेल्या तीन म्हाताऱ्या आणि देवळाचा पुजारी हसून हसून बेजार झाले होते. सर्वांत जास्त हसले ते सगुणाबाईला.

“पहिल्यांदा तुम्ही म्हणालात, आवाज चांगला लागला,” अच्युत म्हणाला. “दुसऱ्यांदा काहीच म्हणाला नाहीत. म्हणून मी त्याचं हसणं वाढवलं, डोळे वाढवले. आता लहान पोरसुद्धा ओळखेल हा कोण आहे ते.”

“ओळखेल.”

“मग?”

“सगुणाबाईने का नाही ओळखलं?”

“भोळी होती.”

“दार का उघडलं तिने?”

“भोळी होती, बुवा. स्पष्टच बोलायचं तर मूर्ख होती.”

बुवांनी आणखी एक शेंग उचलली. “आपल्या गावात कोणी मूर्ख आहे?”

अच्युत हसला. दुसऱ्याला मूर्ख म्हणणारे गावात पैशाला पासरी होते. स्वतःला म्हणवून घेणारा एकही नव्हता.

“मग तुझं आख्यान कोणासाठी?” बुवा म्हणाले. “सगळे हसतील, सुंठवडा घेतील आणि घरी जाऊन झोपतील.”

...

“नलू येणार आहे का ऐकायला?” बुवांनी शेंगेवरची नजर न काढता विचारलं.

अच्युतचा चेहरा उतरला.

नलूआत्या म्हणजे त्याच्या वडिलांची बहीण. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. निम्म्या गावाने तिच्या हाताखाली पाढे पाठ केले होते. यजमान वारल्यावर ती नदीकडेच्या आपल्या घरात एकटी राहायची. तीन वर्षांपूर्वी एक गृहस्थ आले आणि म्हणाले, मी तुमच्या यजमानांचा जुना मित्र. रोज दुपारी यायचे, बसायचे, चहा घ्यायचे. वर्षभराने घर त्यांच्या नावावर झालं आणि गृहस्थ ते विकून नाहीसे झाले. तेव्हापासून आत्या अच्युतच्या घरी मागच्या खोलीत राहत होती. ती देवळातसुद्धा येत नसे.

घरात बोलणं व्हायचं. एवढी शिकलेली बाई, आणि अक्कल गहाण टाकली. अच्युतही ते बोलला होता, एकदा नाही, पुष्कळदा. आख्यान आपल्याला तिथूनच सुचलं हे मात्र त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. गावाला ते न सांगताच ठाऊक होतं, ही गोष्ट वेगळी.

“ती कुठे जात नाही हल्ली,” तो म्हणाला.

“हं...” बुवांनी मांडीवरची फोलं झटकली. “उद्या त्या काशी कासारणीकडे जा. बांगडी कशी चढते ते बघून ये.”

“बांगडी?”

“अडीचच्या मापाच्या हातावर सव्वादोनची. जा, बघून ये.”

म्हाताऱ्याचं आता वय झालं, असं अच्युतच्या मनात आलं. पण फळ्यावरची जागा कोरी होती. दुसऱ्या दिवशी तो गेला.

काशीमामी कासारणीचं दुकान देवळामागच्या बोळात होतं. चैत्रातल्या हळदीकुंकवाचे दिवस, तेव्हा बायकांची ही गर्दी. अच्युत एका कोपऱ्यात अंग चोरून बसला. बायका त्याच्याकडे बघून आपसात हसल्या. त्याने छताकडे बघितलं.

शेतात राबणारी एक बाई पुढे सरकली. हात कामाचा, रुंद, राठ. तिला बांगड्या मात्र मनगटाला चापून बसणाऱ्या हव्या होत्या. मामीने तिचा हात आपल्या मांडीवर घेतला. हाताकडे तिने पाहिलंच नाही. ती बाईच्या तोंडाकडे बघत होती.

“माहेर कुठलं म्हणायचं?”

बाईने नदीपलीकडचं गाव सांगितलं. मग भावाचं नाव सांगितलं, भावाने नवी विहीर काढली ते सांगितलं. वहिनी स्वभावाने कशी आहे, त्यावर जरा जास्त वेळ गेला. मामी मधूनच “मग?” म्हणायची. तेवढ्या वेळात तिने बाईचा अंगठा तळव्यात दुमडून घेतला होता, आणि बांगड्या एकामागून एक हाडावरून पलीकडे जात होत्या. डझन भरून झाला तरी बाईची वहिनी संपली नव्हती.

भरून झाल्यावर ती रिवाजाप्रमाणे मामीच्या पाया पडली आणि उठली. माहेरी चार दिवस राहून आल्यासारखा तिचा चेहरा झाला होता.

दुपारी गर्दी ओसरली. अच्युतने तोवर सगळं नीट हेरलं होतं आणि ते बोलून दाखवल्याशिवाय त्याला राहवेना.

“मामी, तुमची युक्ती कळली मला. सगळं त्या अंगठ्यात आहे.”

“तर! अंगठ्यातच आहे,” मामी म्हणाली. “हुशार आहेस. आण बघू हात, दावते.”

त्याने उजवा हात पुढे केला. मामीने तो मांडीवर घेतला. म्हणाली, मऊ आहे, कधी नांगर धरलेला दिसत नाही. अच्युतला हसू आलं.

“तुझं ते आख्यान लई रंगतंय म्हणं. कसं सुचलं रे बाळ?”

सहा वर्षांत हे त्याला कोणीच विचारलं नव्हतं. बुवा तालाचं विचारायचे, उच्चाराचं विचारायचे. वडील विचारायचे, आमंत्रणं कधी येणार? मित्र फक्त प्रसाद काय होता ते विचारायचे.

अच्युत सांगू लागला. आधी चालींविषयी सांगितलं. मग चंदनगिरीविषयी. मग कसं कोण जाणे, तो आत्याविषयी बोलत होता. आपण लहान असताना ती मांडीवर घेऊन पाटीवर बाराखडी गिरवून घ्यायची. चुकलं तर रागवायची नाही, नुसती पुसून पुन्हा लिहायला लावायची. आता ती मागच्या खोलीत असते आणि आपण आत जात नाही, कारण गेल्यावर बोलायचं काय? राग येतो. कोणाचा येतो ते कळत नाही.

मामी “हं” म्हणायची. मामी “मग?” म्हणायची.

खरं सांगायचं तर त्याला बरं वाटत होतं.

“झालं,” काशीमामी म्हणाली.

अच्युतने खाली पाहिलं. त्याच्या उजव्या मनगटात हिरवी काचेची बांगडी होती.

त्याने ती ओढून बघितली. ती हाडाशी येऊन अडली. फिरवून बघितली, दाबून बघितली. बांगडी ढिम्म हलेना.

“मामी... ही केव्हा...”

“आत्या बाराखडी शिकवत होती, तवा.”

अच्युतचे कान तापले. त्याने बांगडी काढून द्या म्हणून सांगितलं. मामी म्हणाली, देईन की, पण आधी बुवांना दाखवून ये. आणि भरून झाल्यावर पाया पडायचं असतंय, तेवढं राहिलं.

तो पाया पडला. देव आणि बुवा सोडून तो कोणापुढे वाकत नसे, आणि बुवांपुढे वाकतानाही कोण कोण बघतंय ते बघून घेई. आज त्याला बघायचं सुचलं नाही.

दारातून तो मागे वळला. “मामी, ही फसवणूकच झाली की.”

मामी बांगड्यांचे जोड सुतळीत ओवत होती.

“विचारणं सगळ्यांचं सारखंच असतंय, बाळ,” ती म्हणाली. “हातात हात आला म्हंजे पुढं काय करायचं, ते ज्याच्या त्याच्या मनात.”

बोळातून देवळापर्यंत पन्नास पावलं. अच्युतने हात उपरण्यात गुंडाळून घेतला होता. तरी फुलवालीने पाहिलंच आणि हिरवा रंग त्याला खुलतो असं सांगितलं. हॉटेलच्या बाकावरून कोणीतरी बारसं कधी म्हणून विचारलं. एरवी अशा बोलण्याला त्याने सव्याज परतफेड केली असती. आज तो मुकाट चालत राहिला. त्याच्या डोक्यात दुसरंच काहीतरी चाललं होतं.

बुवा ओसरीवरच होते. अच्युतने उपरणं बाजूला केलं आणि हात पुढे धरला.

बुवांनी बांगडीकडे पाहिलं. त्यांचे खांदे थोडे हलले. मग ते थांबले.

“चंदनगिरी कसा बोलतो?”

अच्युतने उपरणं खांद्यावर टाकलं.

“फारसा बोलत नाही, बुवा. विचारतो... आणि ऐकत बसतो.”

“डोळे?”

“फिरवत नाही. तिच्या तोंडाकडे बघतो.”

“हसतो?”

“ती हसली तर.”

“आणि तो कोण आहे हे श्रोत्यांना कधी कळतं?”

अच्युतने मनगटाकडे पाहिलं.

“तिला कळतं तेव्हा.”

गाभाऱ्यात पुजारी समया घासत होता, तेवढा आवाज येत होता.

“तिने दार का उघडलं?”

...

“बाहेरून कोणीतरी हाक मारली, बुवा.” अच्युतचा आवाज आज पोटातून येत नव्हता. “घरातून कोणी मारत नव्हतं.”

थोडं थांबून तो म्हणाला, “आम्ही कोणी मारत नव्हतो.”

बुवा गुडघ्यावर हात टेकून उठले. फळ्यापाशी गेले. कोनाड्यातला खडू घेऊन त्यांनी अष्टमीपुढे अच्युतचं नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं, तसंच राहू दिलं.

अच्युतला वाटलं होतं, हे नाव लिहिलं जाईल तेव्हा आपण गावभर सांगत सुटू. आता त्याला फक्त घरी जायची घाई झाली होती.

“आत्याच्या खोलीत जाऊन बसतो जरा,” तो म्हणाला. “येणार का ते विचारतो. नाही आली तर तिलाच आधी ऐकवतो, तिथे.” मग त्याला हाताची आठवण झाली. “त्याआधी मामीकडून ही काढून घेतो. अष्टमीला असा हात घेऊन उभा कसा राहणार?”

बुवांनी खुंटीवरच्या चिपळ्या काढल्या आणि त्याच्यापुढे धरल्या. अच्युतने सवयीने डावा हात पुढे केला.

बुवांनी चिपळ्या मागे घेतल्या.

“बांगडी असू दे,” ते म्हणाले. “चिपळ्या त्या हातात धर.”