पायबंदाचा खडक

खुरबेटाच्या धक्क्यावर उतरलात की डाव्या हाताला, पाण्यात घुसलेला एक काळा खडक दिसतो. त्याच्या सुळक्याला जुने दोर गुंडाळलेले आहेत. सुंभाचे, नायलॉनचे, चामड्याचे पट्टे, एखाददुसरी साखळीसुद्धा. सगळं कुजलेलं, मिठाने पांढरं पडलेलं. पाहुणे विचारतात, नवसाचे आहेत का. नवसाचे नाहीत. ते पायबंद आहेत. जनावर चरायला सोडताना लांब जाऊ नये म्हणून त्याचे पुढचे दोन पाय एकमेकांना बांधतात, तो दोर. या बेटावर कुठल्याच जनावराचे पाय बांधत नाहीत. वीटभट्टीवर मोडलेलं गाढव आणा, नाहीतर डोंगरावरच्या हवेशीर गावात माणसं वाहून पाठ सोललेलं घोडं आणा, होडीतून उतरवलं की आधी पायबंद काढायचा, या सुळक्याला गुंडाळायचा, मग जनावराला पाणी दाखवायचं. त्यामुळे इथे गाढवं खानावळीत शिरतात आणि घोडी शाळेच्या व्हरांड्यात उभी राहतात. ज्याला खपत नाही त्याने परतीची होडी धरावी.

अजून एक. घोड्यावर बसून गडाची वाट चढत असाल आणि कुठे गाढव ओरडलं, तर घोडं थांबेल. टाच मारू नका. गाढवाचं ओरडून होईपर्यंत ते हलणार नाही, आणि घोडेवालाही त्याला हलवणार नाही.

असं का, त्याची हकीकत जुनी आहे. गड बांधून पुरा झाला त्या वर्षीची, असे सांगतात.

गडाला लागलेला दगड न् दगड गाढवांनी चढवला होता. ती हाकणारा धाकू म्हणून एक माणूस होता. सुंभाचा दोर स्वतः वळायचा, आणि त्याची गाठ नावाजलेली. दिवसभर जनावराने पाय झाडले तरी धाकूची गाठ ढिली पडायची नाही. बायको येसू, आणि तानू नावाची एकुलती पोर. त्या पावसाळ्यात पोरीचा घसा धरला. आडवी केली की दम कोंडायचा, म्हणून धाकू तिचं डोकं हातावर उचलून बसून राहायचा. शेजारच्या बाया म्हणाल्या, आता ठेव रे खाली, हात गळून पडतील तुझे. त्याने ठेवली. थोड्या वेळाने पोर गेली.

धाकू रडला नाही. दुसऱ्या दिवशी कामावर गेला. येसू जेवण वाढी, तो जेवी. एकदा तिने मुद्दाम आमटीत मीठ घातलं नाही, तरी पान चाटून पुसून उठला, म्हणे. तेव्हा ती घाबरली.

गड झाला, दगड संपला, गाढवांचं काम संपलं. धाकूला पागेत घोड्यांना गवत टाकायचं काम मिळालं. बेटावर गवत तेवढंच. ते पागेतल्या घोड्यांना हवं. गडाच्या कारभाऱ्याने एका सकाळी धाकूला बोलावलं.

"गाढवं खाली त्या खडकावर नेऊन बांध. दुपारी मचवा येईल, पलीकडे घेऊन जाईल."

"आज अवस आहे," धाकू म्हणाला.

"मग?"

"दुपारी उधाण येईल. खडक बुडतो."

"मचवा त्याआधी येईल. आणि गाठ नीट मार. एक जरी गाढव परत गवतात दिसलं, तर उद्यापासून पागेतलं काम तुला नाही."

मचवा येणार नाही हे धाकूला कळलं होतं का, असं पाहुणे विचारतात. कळलं असणार. जन्म समुद्राकडेला काढलेल्या माणसाला एवढं कळतं. पण कळून त्याला काही वाटलं नाही. त्या दिवसांत त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं. ओहोटीला उघडी पडलेली वाळू तुडवत त्याने गाढवं खडकावर नेली, एकेकाचे पुढचे पाय जोडून बांधले. ओढलं की सुटेल अशी सुरगाठ त्याला मारता आली असती. त्याने निरगाठच मारली, सवयीने. कानतुटी म्हणून एक म्हातारी गाढवीण होती, तिने नेहमीसारखं नाक त्याच्या खांद्यावर टेकवलं. त्याने ते बाजूला केलं, आणि पागेत जाऊन घोड्यांपुढे गवत टाकू लागला.

सूर्य वर आला तशी खालून गाढवं ओरडू लागली. पागेत घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार हसला. "जा रे धाकू, तुझे सोयरे हाका मारतायत. पंगतीला बसलेत, पाणी वाढलंय त्यांना!"

धाकू गवत टाकत राहिला. आणि मग, असे सांगतात, घोडी खायची थांबली. तोंडात घेतलेलं गवतसुद्धा तसंच लोंबत राहिलं. सगळी घोडी माना वळवून समुद्राकडे बघत उभी. मोतद्दाराने चुचकारलं, शिव्या दिल्या, एकीच्या तोंडात मूठभर हिरवं कोंबलं. तिने ते खाली सोडलं.

"त्यांना गप्प कर जा," मोतद्दार म्हणाला. आता तो हसत नव्हता. "घोडी उपाशी राहिली तर तुझी आणि माझी दोघांची सालटी काढतील."

धाकू निघाला. इथे पुष्कळ लोक सांगतात की तो गाढवांना वाचवायला धावला. खोटं आहे. तो धावला नाही आणि वाचवायलाही गेला नाही. गाढवांना गप्प करायला गेला. वाचवायला जाणारा माणूस विळा बरोबर घेतो. त्याचा विळा पागेच्या भिंतीला खोचलेला तसाच राहिला.

वाळू तोवर बुडाली होती. कमरेएवढ्या पाण्यातून तो खडकावर पोहोचला. गाढवांच्या गुडघ्यांना पाणी लागलं होतं, मचव्याचा पत्ता नव्हता. पाय बांधलेलं जनावर पोहू शकत नाही. त्याने पहिल्याच्या पायांशी हात घातला. सुंभ भिजून फुगला होता, गाठ दगडासारखी झाली होती. बोटांनी सुटेना. नखं उलटली तरी सुटेना. तेव्हा तो पाण्यात बसला आणि दातांनी गाठ उकलू लागला.

सुटलं. ते गाढव पोहत किनाऱ्याला लागलं. मग दुसरं, तिसरं. प्रत्येक गाठीला पाणी वाढलेलं असायचं. श्वास धरून डोकं बुडवायचं, दात रोवायचे, वर यायचं, परत बुडवायचं. पुढचे दोन दात तिथेच गेले. दुखलं का, तर नाही म्हणे. एक काळं गाढव लाटेने आडवं झालं आणि बांधल्या पायांनी त्याच्यादेखत गेलं. हे सहसा कोणी सांगत नाहीत. झाकून ठेवायचं कारण नाही.

शेवटी कानतुटी राहिली, सुळक्याला टेकून. तिच्या पायांपर्यंत तो बुडाला, पण गाठीत रोवायला पुढचे दात उरले नव्हते आणि छातीत दम उरला नव्हता. पाणी तिच्या हनुवटीला आलं. धाकूने तिच्या जबड्याखाली दोन्ही हात घातले, तिचं डोकं उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतलं, पाठ सुळक्याला लावली आणि उभा राहिला.

पाणी त्याच्या छातीवर आलं, मग गळ्याशी आलं. लाट आली की दोघांच्या डोक्यावरून जायची. किनाऱ्यावर माणसं जमली होती. कोळी ओरडत होते, "अरे सोड तिला! ये इकडे! जीव देतोस काय गाढवासाठी?" होडी घालावी अशी ती लाट नव्हती. तो हललाच नाही. ऐकू येत होतं की नाही कोण जाणे.

आणि पाणी तिथे थांबलं. समुद्राने मान ठेवला, असे सांगतात. कोळी म्हणतात, उधाण त्या सुळक्यावर तेवढंच चढतं. ज्याला जे धरायचं ते त्याने धरावं.

उन्हं कलली, वाळू उघडी पडू लागली, तशी येसू कोयता घेऊन पोटरीभर पाण्यातून आली. खाली वाकून तिने पायबंद कापला. गाढवीण सुटली, पण धाकू तिला सोडीना. हात तसेच जबड्याखाली, डोकं तसंच खांद्यावर.

"अवो, सोडा आता," येसू म्हणाली. "पाणी गेलं."

 तिने त्याचं एकेक बोट उकललं, तेव्हा तो बोलला.

"हिला खाली ठेवली नाही," तो म्हणाला.

येसू तिथेच खडकावर बसली आणि मोठ्याने रडली. धाकू रडला नाही. कापलेला पायबंद त्याने उचलला, सुळक्याभोवती गुंडाळला आणि कानतुटीच्या मागून चालू लागला. ओली गाढवं सरळ पागेत शिरली होती. घोडी सरकली, त्यांनी गव्हाणीला जागा दिली, आणि मगच गवताला तोंड लावलं, असे सांगतात. घोडी एकटी खाईनात म्हटल्यावर कारभाऱ्यालाही तोंड मिटावं लागलं. धाकूने मरेपर्यंत पुन्हा गाठ मारली नाही. धोतराचीसुद्धा येसूच मारायची, असं इथल्या बाया हसून सांगतात.

आजही अवसेचं पाणी त्या सुळक्यावर माणसाच्या गळ्याइतकं चढतं आणि परत फिरतं. रेघ दिसते, बघून घ्या. दोरांवर पाय देऊ नका.

आणि आजही पलीकडून आणलेलं जनावर, पायबंद सुटला तरी, बरेच दिवस बांधल्यासारखंच चालतं. पुढचे दोन पाय जोडून, आखूड आखूड. पुढे मोकळं रान असतं, त्याला ते दिसतही असतं. अशा जनावराला इथे धाकू म्हणतात. त्याला कोणी हाकत नाही. त्याचं पाऊल लांब पडेपर्यंत थांबतात.